कुणीच उमेदवार लायक वाटत नाही? मत द्यायचं की नाही हे ठरवायची नीट पद्धत

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला मी एका जिल्हा परिषद शाळेतल्या बूथवर मतदान अधिकारी होते, रजिस्टरवर सही घेणं आणि शाई लावणं हे माझ्याकडे. दुपारी साडेतीनच्या सुमारास तिशीतला एक माणूस आला, सही केली, शाई लावून घेतली, आडोशामागे गेला आणि लगेच बाहेर येऊन सरळ दाराकडे चालायला लागला. मशीनचा लांब बीप वाजलाच नाही, कंट्रोल युनिटवरचा बिझीचा लाल दिवा तसाच चालू. मी हाक मारली, "दादा, मत पडलं नाही तुमचं." तर म्हणाला, "मला कुणालाच द्यायचं नाहीये म्हणून काही दाबलंच नाही, म्हणजे नोटाच झालं ना?"

नाही झालं. केंद्राध्यक्षांनी समजावलं की नोटाचं वेगळं बटण आहे, परत जाऊन दाबा, पण तोवर लाइनीतले सगळे वळून बघायला लागले होते, तो अवघडला आणि नको म्हणाला. मग रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे मत द्यायला नकार दिल्याचा शेरा पडला, त्यावर त्याची सही घेतली आणि पुढच्या मतदाराला आत सोडलं. पाऊण तास रांगेत उभा होता तो बाहेर. त्याचा राग खरा होता आणि निकालाच्या आकड्यात तो कुठेच दिसला नाही.

असे लोक प्रत्येक ड्युटीला भेटतात आणि घरी, शाळेत, सोसायटीच्या ग्रुपवर पण तेच. "सगळे चोर आहेत, मी जाणारच नाही" हे मतदानाच्या आदल्या रात्री ठरतं, कुणाचं शपथपत्र उघडलेलं नसतं, उमेदवार किती आहेत तेही माहीत नसतं. म्हणून हे पायरीपायरीनं लिहितेय. कुणाला मत द्या हे मी सांगणार नाही, पण "कुणीच नाही" या निर्णयापर्यंत यायचं असेल तर कुठल्या क्रमानं यायचं आणि आल्यावर काय करायचं, तेवढंच.

टप्पा १: आधी पर्याय वेगळे करा, ते एकच नाहीत

लोक "मत देत नाही" म्हणतात तेव्हा त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि तिन्हींचा परिणाम वेगळा होतो.

पहिली, घरीच बसणं. कायद्यानं मतदानाची सक्ती नाहीये, शिक्षा नाही, दंड नाही, यादीतून नावही कटत नाही. आधारला जोडलेल्या खात्यातून साडेतीनशे रुपये कापणार वगैरे मेसेज फिरतात ते खोटे आहेत. पण घरी बसलेला माणूस चिडून बसलाय, आजारी आहे, गावाला गेलाय की झोपलाय हे आकड्यावरून कुणालाच कळत नाही, फक्त टक्केवारी कमी दिसते आणि ती बघून कुठल्याही पक्षाला घाम फुटत नाही.

दुसरी, नोटा. २७ सप्टेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला आणि त्या वर्षाअखेरच्या विधानसभांपासून हे बटण मशीनवर आलं. "वरीलपैकी कोणीही नाही", गुप्त मतदान, आकडा वेगळा मोजला जातो, निकालात छापला जातो.

तिसरी, नियम ४९-ओ. सही करून झाल्यावर मत द्यायला नकार देणं, त्या दादांचं झालं ते. यात गुप्तता राहत नाही, खोलीतल्या उमेदवारांच्या पोलिंग एजंटांसकट सगळ्यांना कळतं. ज्याला गुपचूप निषेध करायचाय त्याच्यासाठी हा रस्ता नाही, नोटा आणलं तेच मुळात या अडचणीसाठी.

सावधान: व्हॉट्सअपवर दर निवडणुकीला एक मेसेज येतो की ४९-ओ किंवा नोटाची मतं विजयी उमेदवाराच्या आघाडीपेक्षा जास्त झाली की निवडणूक रद्द आणि सगळे उमेदवार बाद. लोकसभा-विधानसभेला असं काहीही होत नाही. नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याच्या खालोखाल मतं मिळालेला उमेदवार निवडून आलेला धरतात. २०२४ ला इंदूरमध्ये नोटाला २ लाख १८ हजारांवर मतं पडली, दुसऱ्या नंबरवर नोटा, आणि जिंकणारा ११ लाखांपेक्षा जास्त फरकानं जिंकला. आपल्याकडे २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा २७ हजारांच्या वर जाऊन दुसरं आलं, २०२२ च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीत १२,८०६ मतं घेऊन दुसरं आलं. दोन्हीकडे निकालावर काडीचा फरक पडला नाही. डिपॉझिटच्या हिशोबात सुद्धा नोटा धरत नाहीत, म्हणजे डिपॉझिट वाचायला लागणारी एक षष्ठांश वैध मतं काढताना नोटा बाजूला.

महाराष्ट्रात एक अपवाद आहे आणि तो बऱ्याच जणांना माहीतच नाही. राज्य निवडणूक आयोगानं नोव्हेंबर २०१८ मध्ये पालिका निवडणुकांसाठी आदेश काढला की तिथे नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर कुणालाच विजयी घोषित न करता त्या जागेची फेरनिवडणूक घ्यायची. फेरनिवडणुकीतही नोटाच पुढे राहिलं तर मात्र नोटानंतर सगळ्यात जास्त मतं मिळवणारा विजयी. म्हणजे नगरसेवकाच्या जागेवर नोटाला निदान एकदा तरी दात आहेत, आमदार-खासदाराच्या जागेवर नाहीत. हा फरक डोक्यात पक्का बसला की पुढचं बरंच सोपं जातं.

टप्पा २: यादीत नाव आहे का ते आत्ता बघा

हे आधी का, तर नाव नसेल तर बाकीचा विचार वायाच. निवडणूक आयोगाच्या ॲपवर किंवा १९५० वर फोन करून बघता येतं. नवीन नावाला फॉर्म ६, पत्ता बदलला असेल किंवा चूक असेल तर फॉर्म ८. लोकसभा-विधानसभेला अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत आलेले अर्जच त्या निवडणुकीसाठी बघितले जातात.

पालिका, जिल्हा परिषदेचं वेगळं आहे. तिथे विधानसभेचीच यादी एका ठरावीक तारखेला गोठवतात आणि तीच प्रभागांमध्ये फोडतात. पालिकांच्या मागच्या फेरीत १ जुलै २०२५ ची यादी धरली होती, त्यानंतर नाव घातलेले कितीतरी लोक कार्ड हातात घेऊन बूथवर आले आणि परत गेले. कार्ड असणं म्हणजे यादीत नाव असणं नाही, हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी कुणीतरी माझ्याशीच भांडतं.

टप्पा ३: निवडणूक कशाची आहे?

एक कागद घ्या आणि वर लिहा की हा माणूस निवडून आल्यावर नेमकं काय काम करणार. नगरसेवक म्हणजे पाणी, गटार, कचरा, गल्लीतला रस्ता, पालिकेची शाळा, बजेटवर हात वर करणं. आमदार म्हणजे राज्याचे कायदे, पोलीस, शेती, सरकारी दवाखाने, शिक्षण यावर विधानसभेत बोलणं आणि सरकार कुणाचं ते ठरवणं. खासदार म्हणजे दिल्लीचा कारभार.

"कुणीच लायक नाही" म्हणणाऱ्या दहा जणांना विचारलं की कशासाठी लायक नाही तर त्यातले सात-आठ जण टीव्हीवरच्या भांडणाबद्दल बोलतात, ज्याचा त्यांच्या प्रभागातल्या उमेदवाराशी काही संबंध नसतो. फोडाफोडीचा राग आलाय, तो यायलाच हवा, पण आपल्या प्रभागात उभी असलेली बाई पाच वर्षं टँकरच्या मागे पळत होती का नव्हती हा प्रश्न त्या रागात बुडून जातो. माझ्या सासूबाई कुठलीही निवडणूक आली की विचारतात, "पक्ष नको सांगू, उभं कोण राहिलंय ते सांग." मला ती सुरुवात बरोबर वाटते, निदान पालिकेपुरती. विधानसभेला पक्ष बाजूला ठेवता येत नाही कारण आमदार शेवटी कुणाच्या बाजूनं हात वर करणार त्यावर सरकार उभं राहतं.

तपासा: कागदावर कामाच्या किमान तीन ओळी आल्या का? नसतील आल्या तर पुढे जाऊ नका, कारण कशाशी तुलना करायची तेच ठरलेलं नाहीये.

टप्पा ४: पूर्ण यादी काढा, मग शपथपत्रं

इथेच सगळ्यात जास्त वेळ द्यायचा आणि इथेच लोक सगळ्यात कमी देतात.

अर्ज मागे घ्यायची मुदत संपली की अंतिम यादी लागते. तिथपासून मतदानापर्यंत साधारण दोन आठवडे मिळतात, २०२४ च्या विधानसभेला ४ नोव्हेंबरला माघार संपली आणि २० ला मतदान होतं. ही मधली सोळा दिवसांची पट्टी म्हणजे तुमचा अभ्यासाचा वेळ, त्याआधी नावं पक्की नसतात आणि त्यानंतर गडबड असते.

अंतिम यादीतली सगळी नावं लिहून काढा, सगळी म्हणजे अपक्षांसकट. आपण बॅनरवरचे दोन चेहरे बघतो आणि "उडदामाजी काळे गोरे काय निवडायचे" म्हणून मोकळे होतो, पण यादीत दहा-बारा नावं असतात. त्यातले काही मतं खायला उभे केलेले असतात हे खरंय, नावसाधर्म्य असलेले डमी पण असतात, पण एखादा निवृत्त शिक्षक, एखादी आशाताई, एखादा पाण्याच्या प्रश्नावर लढणारा पण असतो आणि त्याच्याकडे बॅनरला पैसे नसतात एवढंच.

आता शपथपत्र. लोकसभा-विधानसभेला प्रत्येक उमेदवार फॉर्म २६ मध्ये प्रतिज्ञापत्र देतो, ते निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर दिसतं. वीस-तीस पानांचं स्कॅन असतं, कधी हातानं लिहिलेलं, कधी वाकडं स्कॅन केलेलं. घाबरू नका, सगळं वाचायचं नाहीये. या क्रमानं बघा.

गुन्ह्यांचा भाग आधी. केस किती आहेत यापेक्षा कलम कुठलं आहे ते बघा, आणि कोर्टानं आरोप निश्चित केलेत का ते बघा, त्यासाठी वेगळा रकाना असतो. मोर्चा काढला, रस्ता अडवला, जमावबंदी मोडली अशा केसेस कुठल्याही आंदोलन करणाऱ्या माणसावर असतात. जुन्या भारतीय दंड संहितेत ते १४३, ३४१, १८८ असं दिसेल, १ जुलै २०२४ नंतरच्या केस असतील तर भारतीय न्याय संहितेचे १८९, १२६, २२३ असे आकडे दिसतील. खून जुना ३०२ नवा १०३, खुनाचा प्रयत्न जुना ३०७ नवा १०९, बलात्कार जुना ३७६ नवा ६४, फसवणूक जुना ४२० नवा ३१८. एकावर अकरा केस आहेत आणि सगळ्या आंदोलनाच्या, दुसऱ्यावर एकच आहे आणि ती ठेवीदारांच्या फसवणुकीची, तर "अकरा विरुद्ध एक" अशी तुलना करून आपण नेमकं उलटं ठरवतो.

मग मालमत्ता. आकडा मोठा आहे म्हणून माणूस वाईट असं नसतं, पण आधीची निवडणूक लढवली असेल तर तेव्हाचं शपथपत्र पण मिळतं, दोन्ही शेजारी ठेवा. पाच वर्षांत किती वाढलं, आणि उत्पन्नाच्या रकान्यात जे पाच वर्षांचे आकडे दिलेत त्यातून तेवढं वाढणं शक्य आहे का? साधी बेरीज आहे. नवरा-बायको, अवलंबित, हिंदू अविभक्त कुटुंब यांचे रकाने वेगळे असतात, बऱ्याचदा उमेदवाराच्या रकान्यात एक गाडी पण नसते आणि जोडीदाराच्या रकान्यात सगळी जमीन असते. फक्त पहिला रकाना बघून "किती साधा माणूस आहे" म्हणू नका. जुन्या जमिनीचा बाजारभाव आपोआप वाढतो हेही लक्षात ठेवा, खरेदीची किंमत आणि आजची किंमत दोन्ही लिहिलेल्या असतात.

मग देणी. सरकारी थकबाकी, पाणीपट्टी, वीजबिल, मालमत्ता कर. नगरसेवकासाठी मला हा रकाना फार बोलका वाटतो.

सावधान: शपथपत्र उमेदवारानं स्वतः लिहिलेलं असतं, आयोग प्रत्येक आकडा पडताळून बघत नाही. आणि प्रलंबित केस म्हणजे शिक्षा नव्हे. दोन्ही बाजूंनी ताक फुंकून प्या.

अजून एक जागा आहे. केस असलेल्या उमेदवाराला ती माहिती प्रचाराच्या काळात तीन वेळा पेपरात आणि टीव्हीवर द्यावी लागते. आणि २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाप्रमाणे पक्षाला सांगावं लागतं की केस असून यालाच का घेतलं, स्वच्छ माणूस का नाही मिळाला, आणि नुसतं "निवडून येईल म्हणून" हे कारण चालत नाही. ही जाहिरात आतल्या पानावर बारीक अक्षरात येते, मतदानाच्या आधीच्या दोन आठवड्यातले पेपर रद्दीत टाकू नका.

खासदार परत उभा असेल तर त्याची लोकसभेतली हजेरी, किती प्रश्न विचारले हे पीआरएस या संसदेच्या कामाची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर मिळतं. नगरसेवकाचं सगळ्यात चांगलं रेकॉर्ड तुमच्या गल्लीत असतं, पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारा, सफाई कामगारांना विचारा, त्यांना बरोबर माहीत असतं कोण फोन उचलतो.

टप्पा ५: एकदा तरी समोर जाऊन विचारा

पदयात्रा दारात येतेच. हात जोडून पुढे जायच्या आत एकच प्रश्न विचारा, आणि प्रश्न नेमका ठेवा. "विकास करणार का" असं विचारलं तर हो म्हणणारच. "आपल्या दवाखान्यात रात्री डॉक्टर नसतो, तुम्ही पहिल्या सहा महिन्यांत काय करणार" असं विचारा. उत्तरापेक्षा उत्तर कसं दिलं ते बघा. मी एकदा विचारलं तर उमेदवार उत्तर द्यायच्या आत मागचा कार्यकर्ताच म्हणाला ताई नंतर बोलू, आणि दुसऱ्या उमेदवारानं उभ्या उभ्या कबूल केलं की हे माझ्या हातात नाही, आरोग्य समितीकडे जावं लागेल, मी पत्र देईन. माझं मत तिथे निम्मं ठरलं, कारण दुसऱ्याला निदान काम कुठे अडतं ते माहीत होतं.

लोकसभा-विधानसभेला प्रचार मतदान संपायच्या वेळेआधी ४८ तास बंद होतो, त्यामुळे विचारायचं ते त्याच्या आत.

टप्पा ६: आता ठरवा, पण या क्रमानं

पहिला प्रश्न, यादीत असं एक तरी नाव आहे का ज्याला मत दिलं तर मला लाज वाटणार नाही, भले तो हरणार असेल? असेल तर त्याला द्या आणि विषय संपला. "मत वाया जाईल" ही भीती मला पटत नाही. एका चांगल्या अपक्षाला चार हजार मतं पडली तर पुढच्या वेळी तो परत उभा राहतो आणि मोठे पक्ष त्याच्या दारात येतात, दोनशे पडली तर तो घरी बसतो. नोटाला पडलेल्या चार हजारांमागे बोलायला कुणी माणूसच नसतो, त्यामुळे चांगलं नाव हाताशी असताना नोटा दाबू नका.

दुसरा प्रश्न, असं नाव नसेल तर जिंकू शकणाऱ्या दोघांमध्ये नुकसान कुणाकडून जास्त? चांगला कोण हे विचारू नका, ते उत्तर नाही असंच येणार. प्रत्येकापुढे एक ओळ लिहा, हा आला तर माझ्या भागात काय बिघडेल. एकाच्या पुढे "कामं करत नाही, लग्नाला हजर असतो" आणि दुसऱ्याच्या पुढे "वाळूवाले, दमदाटी, बायकांनी तक्रार करायची सोय नाही" असं येत असेल तर ते दोघे सारखे नाहीयेत. दगडापेक्षा वीट मऊ. तुम्हाला वीट आवडायला पाहिजे असं नाही, दगड डोक्यात पडू नये एवढंच त्या मताचं काम.

तिसरा प्रश्न, लढत किती अटीतटीची आहे? २०२४ ला मुंबई उत्तर पश्चिम लोकसभेत निकाल ४८ मतांनी लागला आणि तिथे नोटाला १५ हजारांवर मतं होती. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्यचा फरक १६२ मतांचा, साकोलीचा २०८ चा. २०१७ ला मुंबई महापालिकेच्या २२० नंबरच्या प्रभागात दोन उमेदवारांची मतं सारखीच झाली आणि शेवटी चिठ्ठी काढून नगरसेवक ठरला. त्या पंधरा हजारांतल्या लोकांना ते दोन्ही उमेदवार खरोखर सारखेच वाटत असतील तर त्यांनी बरोबर केलं. पण "काय फरक पडतो" म्हणून दाबलं असेल तर ४८ हा आकडा फार लहान आहे. म्हणून जिथे दोघांत थोडा पण फरक दिसतोय आणि लढत घासून आहे तिथे मी नोटा दाबू नका असंच म्हणेन.

चौथा, आणि हा शेवटी. दोन्हीकडून नुकसान सारखंच, तिसरं नाव नाही, किंवा निकाल आधीच एकतर्फी आहे आणि तुमच्या मनाला कुणालाच द्यायला पटत नाही, तर नोटा. मनापासून, विचार करून दिलेलं नोटा हे पूर्ण मत आहे, त्यात कमीपणा काही नाही. २०२४ च्या लोकसभेला देशभर साधारण ६३ लाख लोकांनी ते दिलं. पालिकेला तर वर सांगितलं तसं त्याला फेरनिवडणुकीची ताकद आहे, एखाद्या प्रभागात लोकांनी आधीपासून एकत्र ठरवलं तर ते निव्वळ निषेधाच्या पुढे जाऊ शकतं.

घरी बसणं या यादीत मी घेतलंच नाही, कारण जे घरी बसून मिळतं ते सगळं नोटाला मिळतं आणि वर तुमचा राग मोजला जातो. एक गोष्ट मात्र आहे, उमेदवार बिनविरोध आला तर मतदानच होत नाही आणि नोटाची संधीही जाते. २०२४ ला सुरत लोकसभेत तसंच झालं. त्यामुळे "कुणी उभंच राहू नका, बिनविरोध करू" असं तुमच्या गावात, सोसायटीत चाललं असेल आणि तुम्हाला तो माणूस पसंत नसेल तर तोंड उघडायची वेळ अर्ज भरायच्या आठवड्यात असते, नंतर नाही.

तपासा: निर्णय एका ओळीत लिहिता येतो का? "मी अमुकला देतेय कारण तमुकमुळे जास्त नुकसान होईल" किंवा "मी नोटा देतेय कारण दोघांचं हे हे सारखं आहे". कारणाच्या जागी नुसतं "वैताग" येत असेल तर टप्पा ४ अर्धवट राहिलाय.

टप्पा ७: बूथवर

मतदार चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही, ती फक्त नंबर शोधायला. कार्ड किंवा आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक पासबुक यातलं काहीतरी न्या. मोबाईल आत चालत नाही, त्यामुळे यादी फोनमध्ये असेल तर नाव, चिन्ह आणि क्रमांक पाठ करून या. नोकरीवाल्यांना मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टीचा हक्क आहे, मालक नाही म्हणत असेल तर हे सांगा.

नोटाचं बटण सगळ्या उमेदवारांच्या नंतर, शेवटी असतं, चिन्ह म्हणजे मतपत्रिकेवर काळी फुली. एका मशीनवर सोळाच बटणं असतात, म्हणजे उमेदवार पंधरापेक्षा जास्त झाले की दुसरं मशीन लागतं आणि नोटा त्या दुसऱ्यावर असतं. पहिल्या मशीनच्या तळाशी नोटा दिसलं नाही म्हणून भलतंच बटण दाबणारे लोक मला बाहेर येऊन सांगतात, तेव्हा काही करता येत नाही. आधी वरून खालपर्यंत सगळं बघा, मग बोट लावा, कुणी घाई करत नाही. काही समजलं नाही तर आत जायच्या आधीच केंद्राध्यक्षांना विचारा.

बटण दाबल्यावर दिवा लागतो, लोकसभा-विधानसभेला व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत छापून दाखवणाऱ्या मशीनच्या, काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते, नोटाचीही दिसते, मग लांब बीप. बीप ऐकल्याशिवाय हलायचं नाही.

महापालिकेला (मुंबई सोडून) एका प्रभागातून साधारण चार नगरसेवक असतात, अ, ब, क, ड. तिथे चार वेळा बटण दाबायचं, प्रत्येक जागेला स्वतंत्र नोटा असतं. याचा फायदा घ्या. अ मध्ये चांगली बाई आहे, क मध्ये कुणीच नाही, तर अ ला नाव आणि क ला नोटा, असं मिसळून चालतं. चारही पूर्ण झाल्याशिवाय बझर वाजत नाही, एक बटण दाबून निघालात तर आम्ही परत बोलावणार. पॅनेलचं पॅनेल सरळ दाबत जाणारे फार, आणि त्यातला एक तरी त्यांना अजिबात नको असतो.

सावधान: तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर चिडून परत फिरू नका. ओळख पटवून द्या आणि केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागा, छापील मतपत्रिका मिळते, ती लिफाफ्यात वेगळी जाते. मशीनवर पुन्हा देता येत नाही. आणि अशी मतं १४ टक्के झाली की फेरमतदान होतं हा मेसेज पण खोटाच आहे.

टप्पा ८: निकाल लागल्यावर अजून अर्धा तास

हा टप्पा मी आत्तापर्यंत फार थोड्या लोकांना करताना बघितलंय. विधानसभा-लोकसभेचा बूथवार निकाल फॉर्म २० मध्ये येतो, राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर काही दिवसांनी चढतो. लांबच लांब तक्ता असतो, डावीकडे मतदान केंद्राचा नंबर, पुढे प्रत्येक उमेदवाराची मतं आणि शेवटाकडे नोटा. तुमच्या मतदार चिठ्ठीवरचा केंद्र क्रमांक घ्या आणि ती ओळ शोधा.

आमच्या शेजारच्या कॉलनीतल्या बायकांनी गेल्या वेळी असंच केलं. त्यांच्या केंद्रावर नोटा ४१ निघालं, आजूबाजूच्या केंद्रांवर सात, नऊ, पाच. ती ओळ त्यांनी प्रिंट काढून पिवळ्या पेननं रंगवली आणि जिंकलेल्या व हरलेल्या अशा दोघांच्याही ऑफिसात नेऊन दिली, सोबत एक पान, की आमच्याकडे रात्री दिवे नाहीत, पाण्याची लाइन अर्धीच टाकून ठेवलीये, आणि या ४१ मतांचं कारण ते आहे. जिंकलेल्याच्या ऑफिसातल्या मुलानं कागद ठेवून घेतला आणि पोच दिली. हरलेला उमेदवार आठ दिवसांनी स्वतः आला, संध्याकाळी सातला, अंधारात, आणि लाइन कुठे थांबलीये ते टॉर्च लावून बघून गेला.